टिपण्याचा इतिहास

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हा पाच मित्रांचे ताडोबास जाण्याचे ठरले. पाचही जण साहित्याचे अध्यापक. अरण्याशी आमचा संबंध आला तो बहुतांशी पुस्तकांतून. रेल्वेची तिकिटे, राहण्याची सोय, सफारीचे आरक्षण ही कामे दोन संध्याकाळींत उरकली. अडले ते एकाच प्रश्नावर : कॅमेरा कोणता न्यावा? एरवी हा प्रश्न पडलाच नसता, कारण प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात कॅमेराही आहे. परंतु ताडोबात २०१८ च्या डिसेंबरपासून सफारीत मोबाईल नेण्यास बंदी घालण्यात आली. तेव्हा पाचांमिळून एक कॅमेरा घ्यावा, तो शबनममध्ये सहज मावावा, त्याला झूम असावा आणि त्याची किंमत कुणाच्याही घरात भांडण लावणारी नसावी, इतके एकमताने ठरले. पुढे दीड महिना कशावरच एकमत झाले नाही.

आमच्यातील एकाला पक्ष्यांचे वेड. त्याचा आग्रह, की झूम जितका लांबचा तितका बरा. दुसऱ्याचे म्हणणे, कोणताही घ्या, पण हलका घ्या. तिसरा म्हणाला, कॅमेरा हवाच कशाला? व्यंकटेश माडगूळकरांनी वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिले ते डोळ्यांनी पाहून. तुम्ही वह्या घेऊन चला. चौथा बराच वेळ गप्प होता. त्याच्या आजोळच्या वाड्यात ओसरीवर एक मोठे, कडा पिवळ्या पडलेले छायाचित्र आहे. त्यात त्याचे पणजोबा बूट घातलेला एक पाय मेलेल्या वाघाच्या खांद्यावर ठेवून उभे आहेत. लहानपणी त्या चित्राखालून जाताना भीती वाटे आणि पुढे लाज वाटू लागली, असे तो म्हणाला, आणि मग म्हणाला, “आपण जो आणणार तो फोटो याहून वेगळा कसा असेल, तेवढे मला सांगा. मग मी माझी वर्गणी देतो.”

प्रश्न खरेदीचा होता तो असा इतिहासाचा झाला. प्रस्तुत टिपण त्या दीड महिन्याच्या वाचनातून आणि वादावादीतून तयार झाले आहे.

भाषेपासून आरंभ करणे आम्हांस सोयीचे. मराठीत चिमणी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपतात, विद्यार्थी व्याख्यान टिपून घेतो, नेमबाज सावज टिपतो आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. या सहांपैकी एकाच क्रियेत जीव जातो. बाकीच्या क्रिया हलक्या हाताच्या आहेत. त्यांत वस्तूला धक्का न लावता तिच्यातले काही उचलून घेणे आहे. इंग्रजीची गोष्ट निराळी. तेथे ‘शूट’, ‘शॉट’, ‘लोड’, ‘एम’ ही सगळी परिभाषा थेट बंदुकीची. ‘स्नॅपशॉट’ हा तर शिकाऱ्यांचाच शब्द : नेम धरायला वेळ नसताना पळत्या सावजावर घाईने झाडलेली गोळी. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८६० साली तो क्षणार्धात घेतलेल्या छायाचित्रासाठी योजला. कमी उजेडात भिंग पुढेमागे होऊन नेमकी जागा शोधू लागले, की इंग्रजीत त्यालाही ‘हंटिंग’च म्हणतात. तेव्हा आमच्या मित्राच्या शंकेला भाषेचा आधार आहे. पण शब्दसाम्यावरून वंशावळ मांडण्याची सवय आम्हा साहित्यवाल्यांना असते आणि ती नेहमीच भरवशाची नसते. कॅमेरा आणि बंदूक यांचे नाते प्रत्यक्षात कसे जडले, हे पाहिले पाहिजे.

ते जडले ते प्रकाशाच्या तुटवड्यामुळे. आरंभीच्या काचपट्ट्यांवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत. एवढा वेळ स्थिर राहील असा वन्य प्राणी म्हणजे मेलेला प्राणी. वेल्समधील जॉन डिल्विन लुएलिन या गृहस्थाने १८५० च्या दशकात पाणवठ्यावरचा बगळा आणि झाडीतले हरीण यांची सुरेख छायाचित्रे घेतली. बगळाही पेंढा भरलेला आणि हरीणही पेंढा भरलेले. आपल्याकडे कॅमेरा अरण्यात गेला तो बंदुकीच्या मागोमाग, साक्षीदार म्हणून. लाला दीनदयाळ यांनी १९०२ साली हैदराबाद संस्थानात घेतलेले लॉर्ड व लेडी कर्झन यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे : व्हाइसरॉय, त्यांची पत्नी आणि पुढ्यात मारलेला वाघ. अशी छायाचित्रे त्या काळी संस्थानिकांपासून वतनदारांपर्यंत सर्वांनी काढून घेतली. वाड्यातले पणजोबा त्याच रांगेतले. त्या चित्रांत वाघाचा चेहरा बहुधा कॅमेऱ्याकडे वळवून ठेवलेला असतो. कधी त्याच्या हनुवटीखाली ओंडका वा दगड सरकवलेला असतो. वाघ पाहत आहे असे वाटावे, ही त्यामागची खटपट. मेलेल्याकडून जिवंतपणाचा अभिनय करून घेणारी ही रीत आम्हांला त्या पायापेक्षाही अधिक क्लेशदायक वाटते.

कॅमेऱ्याला बंदुकीचा आकारच देणारा गृहस्थ मात्र शिकारी नव्हता. एतियेन ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. पक्षी उडताना पंख कसे हलवतो, हे त्याला पाहायचे होते. १८८२ साली त्याने दस्ता, नळी आणि चाप असलेली ‘छायाचित्रक बंदूक’ तयार केली. ती खांद्याला लावून चाप ओढला, की सेकंदाला बारा चित्रे उमटत. उडत्या पक्ष्याचा वेध घेण्यासाठी माणसाने शतकानुशतके घडवलेले उत्तम साधन बंदूक हेच होते. ते त्याने उसने घेतले, गोळी तेवढी वगळली. येथे सुटकेची पहिली फट दिसते. साधन एका कुळातले असले, तरी त्याचा उपयोग त्याच कुळाचा असेल असे नाही.

यानंतरचे प्रकरण अमेरिकेतले, आणि आमच्या मते या इतिहासातले सर्वांत बोलके. जॉर्ज शिरास (तिसरा) हा पेनसिल्व्हेनियाचा वकील. मिशिगनच्या सरोवरांकाठी तो लहानपणापासून शिकारीस जात असे. तेथील ओजिब्वे लोकांची एक जुनी रीत होती : रात्री होडीच्या नाळेवर जाळ ठेवायचा आणि आवाज न करता वल्हवत जायचे. काठावर पाणी पिणारे हरीण उजेडाने भुलून जागीच उभे राहते, त्याचे डोळे चमकतात आणि त्या दोन ठिणग्यांच्या मधोमध नेम धरायचा. शिरासने ही रीत जशीच्या तशी उचलली. होडी तीच, अंधार तोच, डोळ्यांची चमकही तीच. फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि गोळीच्या जागी मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने जुलै १९०६ च्या अंकात त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे छापली. लेखाच्या शीर्षकात ‘हंटिंग’ हा शब्द होताच. भूगोलाचे गंभीर मासिक चित्रांच्या पुस्तकासारखे होत चालले म्हणून संस्थेच्या दोघा सदस्यांनी राजीनामे दिले, असे सांगतात. आज ती चित्रे पाहताना जाणवते ते हे, की हरणे चकित झालेली आहेत. काहींनी पाण्यावरून झेप घेतली आहे. भडक्याने ती भेदरली असणार. परंतु दुसऱ्या दिवशी ती जिवंत होती, आणि हा फरक थोडा नव्हे.

थिओडोर रूझवेल्ट यांना ही चित्रे इतकी आवडली, की त्यांनी शिरासला पत्र लिहून पुस्तक काढण्याचा आग्रह केला. हेच रूझवेल्ट अध्यक्षपद सोडल्यावर १९०९ साली आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक मोठे प्राणी मारले. संग्रहालयासाठी, असे कारण होते. त्याच प्रवासात चेरी कीअर्टन हा इंग्रज छायाचित्रकार त्यांचे चलच्चित्रण करून गेला. हा चेरी आणि त्याचा भाऊ रिचर्ड यांचीही वेगळी कथा आहे. पक्ष्यांजवळ जाण्यासाठी त्यांनी पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह दडून बसण्याचा प्रयोग केला. असो. सांगायचे ते इतकेच, की बंदूक आणि कॅमेरा ही बराच काळ एकाच माणसाच्या दोन खांद्यांवर होती. एक गेली आणि दुसरा आला, असा सरळ क्रम इतिहासात आढळत नाही.

भारतात या दोहोंतून एकाची निवड करणारा पहिला ठळक माणूस म्हणजे फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी. सभोवतालचे सारे अधिकारी शिकारी असता याने बंदूक बाजूस ठेवली. वाघ ज्या वाटेने रात्री जातो ती वाट हेरायची, वाटेवर बारीक तार ताणायची, तारेला कॅमेरा आणि मॅग्नेशियमचा दिवा जोडायचा आणि घरी येऊन झोपायचे. वाघाचा पाय तारेला लागला, की भडका उडतो आणि चित्र निघते. रात्रीत एकच संधी. तीही कधी साळिंदर घेऊन जाते, कधी एखादे वाट चुकलेले गुरू. हत्ती आला तर कॅमेराही जातो. असे महिनोन्‌महिने केल्यावर वाघाची चित्रे मिळाली. १९२५ साली ती लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात झळकली आणि १९२७ साली त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक आले.

चॅम्पियनच्या पद्धतीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. तेथे चाप ओढणारा माणूसच नाही. वाघ स्वतःच आपले चित्र काढतो. दोघांमधले अंतर म्हटले तर शून्य, कारण वाघ तारेपाशी आहे. म्हटले तर काही कोस, कारण चॅम्पियन बिछान्यात आहे. आणि या चित्रांवरूनच त्याच्या ध्यानात आले, की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो. याच गोष्टीच्या आधारे १९९० च्या दशकात उल्लास कारंत यांनी नागरहोळेत ट्रॅप कॅमेऱ्यांनी वाघांची मोजदाद केली, आणि पुढे देशभरची व्याघ्रगणना त्याच वाटेने गेली. शिकाऱ्याच्या नजरेला पट्टे म्हणजे कातड्याची शोभा. तारेवरच्या कॅमेऱ्याला ते नाव-गाव वाटले.

जिम कॉर्बेटने चॅम्पियनची चित्रे पाहिली आणि त्यालाही वाघाचे चित्र घेण्याची ओढ लागली, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्याचे १९४४ चे पुस्तक आपल्याकडे नरभक्षकांच्या थरारासाठी वाचले जाते. त्याचे शेवटचे प्रकरण वर्गात फारसे कुणी वाचून दाखवत नाही. त्यात तो हाती चलच्चित्रणाचा कॅमेरा घेऊन बसला आहे. अडचण अशी, की कॅमेरा चालू होताच घरघर करी आणि वाघ निघून जाई. मग त्याने झऱ्याचे पाणी बांध घालून वळवले आणि लहान धबधबे तयार केले. त्या खळखळाटात कॅमेऱ्याची घरघर बुडून गेली आणि एकाहून अधिक वाघ त्याच्या त्या ‘स्टुडिओ’त निर्धास्तपणे वावरून गेले. अचूक नेमाबद्दल ख्यात असलेला माणूस येथे गवंड्याचे काम करतो आहे. आणि ते का, याचे त्याचे उत्तर साधे आहे : कातडे ज्याने मिळवले त्याच्यापुरते, चित्र सर्वांचे.

दक्षिणेत एम. कृष्णन यांचेही नाव घ्यायला हवे. तमिळ कादंबरीकार अ. माधवय्या यांचे हे चिरंजीव. १९५० पासून १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘द स्टेट्समन’मध्ये ते निसर्गावर सदर लिहीत होते. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी आपला एक अवजड कॅमेरा स्वतःच बनवला होता. साहित्याच्या घरातून आलेला माणूस यंत्र हाताने जुळवतो आणि चाळीसहून अधिक वर्षे सदर चालवतो, हे आम्हांस फार दिलासा देणारे वाटले. विशेषतः दुकानात विक्रेता ‘ॲपर्चर’ म्हणाला आणि आम्ही पाचही जण एकमेकांकडे पाहू लागलो त्या दिवशी.

आता भिंगाकडे वळू. इथवरच्या सर्वांची मुख्य अडचण अंतराची होती. होडी, पोकळ बैल, तार, धबधबा हे सर्व अंतर तोडण्याचे उपाय. आणि प्रत्येकात प्राण्याच्या जवळ काहीतरी न्यावे लागे. लांबचे जवळ दाखवणारे टेलिफोटो भिंग लंडनच्या थॉमस डालमायर यांनी १८९१ मध्ये आणले. त्याच सुमारास जर्मनीतही ते सिद्ध झाले. मात्र ते जड, आणि प्रकाश फार कमी आत घेणारे. ‘झूम’ हा शब्द त्यानंतरचा. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या वैमानिकांनी विमान एकदम उभे चढवण्याला तो वापरला. ती घरघर शब्दातच आहे. साध्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग १९५९ साली फोयग्टलँडर कंपनीने ‘झूमार’ नावाने विकले. खिशातल्या कॅमेऱ्यात झूम यायला १९८६ उजाडले. तो पेंटॅक्सचा, आणि त्याचा पल्ला ३५ ते ७० मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. पुढे फिल्म गेली, तिच्या जागी नखाएवढा सेन्सर आला आणि भिंगांना जणू पंख फुटले. सेन्सर लहान असला, की छोटे भिंगही मोठ्या पल्ल्याचे काम करते, हे त्यामागचे साधे गणित. २००२ साली पॅनासॉनिकने बारापट झूमचा, हाताचा कंप सावरून घेणारा कॅमेरा काढला. २०१५ साली निकॉनचा त्र्याऐंशीपट आला आणि २०१८ साली त्याच कंपनीचा सव्वाशेपट : २४ ते ३००० मिलिमीटर, वजन जवळजवळ दीड किलो. आमचे पक्षिमित्र ज्याच्यावर अडून बसले होते तो हाच.

येथे थोडे आकडे मांडणे भाग आहे. वाचकांनी कंटाळू नये. मिलिमीटरचे हे आकडे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाने सांगतात. त्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. त्यामुळे छत्तीसला भिंगाच्या आकड्याने भागून प्राण्यापर्यंतच्या अंतराने गुणले, की चित्रात किती रुंदीचा प्रदेश मावेल ते कळते. तीस मीटरवरच्या वाघाकडे २४ मिलिमीटरने पाहिले, तर पंचेचाळीस मीटर रुंद जंगल येते आणि त्यात वाघ म्हणजे एक पिवळा ठिपका. ६०० ने पाहिले, तर जेमतेम एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे चौकटभर वाघ. २००० ने चोपन्न सेंटिमीटर : नुसते तोंड. ३००० ने छत्तीस सेंटिमीटर : डोळे आणि नाक. मग प्रश्न असा, की तीस मीटरवरून वाघाच्या नाकाचे चित्र घेऊन आम्ही पाच अध्यापक काय करणार?

शिवाय या पल्ल्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पूर्ण लांबवल्यावर ते सव्वाशेपटीचे भिंग एफ-८ इतके अरुंद होते. एफ-४ च्या भिंगापेक्षा एक-चतुर्थांश प्रकाश. सेन्सरही साधारण ६ गुणिले ४.५ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीच्या तिसाव्या हिश्श्याएवढा. वाघ दिसण्याची वेळ पहाटेची किंवा दिवे लागणीच्या आधीची, आणि जागा बांबूच्या सावलीची. तेथे असा कॅमेरा चित्राऐवजी रवा पाडतो. कंप सावरणारी यंत्रणा आपला हात सावरते, वाघाची मान नव्हे. आणि ऊन चढल्यावर भरपूर प्रकाश असतो तेव्हा चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तापल्या मातीवरून हवा अशी लहरते, की दोनशे मीटरवरचा सांबर पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो. भिंग जितके लांबचे, तितक्या त्या लहरी मोठ्या. हे आम्ही वाचून सांगितले तेव्हा पक्षिमित्रांना पटले नाही. त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. तळ्यापलीकडच्या वाळक्या खोडावर बसलेला मत्स्यगरुड टिपायचा तर लांब भिंगाला पर्याय नाही, आणि ऐन दुपारी, स्वच्छ उजेडात असे कॅमेरे पक्ष्यांची उत्तम चित्रे देतात. पक्ष्यांसाठीच जाणाऱ्याने तोच घ्यावा, असे आम्हीही म्हणू.

परंतु वर्गणीचा प्रश्न राहिलाच होता. सुझन सोन्टॅग यांच्या १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’चा दाखला आमच्यात कुणी देणार, हे ठरलेलेच होते. सफारीत बंदुकीचा कॅमेरा झाला, कारण ज्या निसर्गाचे आपल्याला भय होते त्याची आता हळहळ वाटते, अशा आशयाचे त्या लिहितात. विधान देखणे आहे, शिकवायलाही सोपे. आम्हांस ते अपुरे वाटते. चॅम्पियनच्या काळी वाघ मुबलक होते आणि माणसे त्यांना भीतही होती. त्याने बंदूक ठेवली ती हळहळीपोटी नव्हे; त्याला जिवंत वाघाविषयी काही जाणून घ्यायचे होते. वाड्यातल्या चित्रात आणि चॅम्पियनच्या चित्रात फरक भावनेचा कमी, वाघाने किती मोजले याचा अधिक. पहिल्यात त्याने जीव दिला, दुसऱ्यात एका क्षणाचा दचका. लांब भिंगाने तर तो दचकाही वाचवण्याचे वचन दिले होते : आता जवळ जाण्याचे कारणच उरले नाही, दुरूनच टिपा, दाणा न हलवता.

ते वचन पाळले गेले नाही, याचा पुरावा आमच्या जवळच होता. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले असता सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवून त्यांना मध्ये कोंडले. चित्रफीत पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, वाहनचालक व मार्गदर्शक यांच्यावर कारवाई झाली. त्या गाड्यांत उत्तमोत्तम भिंगे नसतील असे कोण म्हणेल? तरीही गाड्या पुढे सरकल्या. जुन्या शिकारीत याला हाका म्हणत : माणसांची रांग करून जनावर एका बाजूने रेटायचे आणि दुसऱ्या बाजूला मचाणावर बंदूक. वाड्यातल्या चित्रातला वाघ असाच हाकलून आणला गेला होता, हे आमच्या मित्राने सांगितले आणि मग बैठकीत कुणी काही बोलले नाही.

निवडीचे सूत्र आम्हांला अखेर कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात सापडले नाही. ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत सापडले. वन्य प्राण्यापासून वाहनाने किमान वीस मीटर अंतर राखावे, असे तेथे म्हटले आहे. मग आम्ही उलटे गणित मांडले. वीस मीटरवरून दोन मीटर रुंदीची चौकट, म्हणजे वाघ शेपटीचा भाग वगळता पुरा मावेल अशी, हवी तर भिंग किती मिलिमीटरचे? उत्तर आले ३६०. त्याहून जवळ जायचे नाही हे एकदा ठरल्यावर, आणि वाघ त्याहून दूर असेल तर त्याच्याभोवतीचे रानही चित्रात यावे हे मान्य केल्यावर, आम्हांस ३६० च्या पुढे जाण्याचे कारण उरले नाही. उरलेला पैसा आणि वजन मोठ्या सेन्सरवर खर्च करता येत होते. पॅनासॉनिकचा २०१८ सालचा टीझेड-२०० हा २४ ते ३६० पल्ल्याचा, तथाकथित ‘एक इंची’ सेन्सरचा कॅमेरा एका परिचिताकडे वापरलेला मिळाला. ‘एक इंची’ हे नावच. प्रत्यक्षात तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, तरी नेहमीच्या खिशातल्या झूम कॅमेऱ्याच्या चौपट क्षेत्रफळाचा. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत. डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी आहे. भर उन्हात पडदा दिसेनासा होतो तेव्हा ती हवीच, आणि कपाळाचा टेकू मिळाल्याने हातही कमी हलतो. पक्षिमित्रांनी निषेध नोंदवून वर्गणी दिली. वही नेणाऱ्याने वहीच नेली. मारुती चितमपल्ली वर्षानुवर्षे अरण्यात रोजनिशी लिहीत असत, हे त्याने आम्हांला दोनदा ऐकवले. वाड्याच्या मित्राने एक अट घातली : चालकाला ‘थोडी पुढे घ्या’ असे कुणीही म्हणायचे नाही. ती मान्य झाल्यावर त्यानेही पैसे दिले.

मोहर्लीच्या दरवाज्यातून तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन्हींत वाघ नव्हता. चितळ, गवे, रानकुत्र्यांची एक टोळी आणि एका तळ्यावर तो मत्स्यगरुड. त्याचे आमच्या कॅमेऱ्यातले चित्र दाखवल्यावर पक्षिमित्र हसले. खोडाच्या टोकाला अल्पविरामाएवढे काहीतरी दिसते. तिसऱ्या सकाळी, सूर्य झाडांवर यायच्या आधी, रस्त्यापासून साठेक पावलांवर वाघीण बांबूतून बाहेर आली, थांबली आणि ओढ्याकडे उतरली. मागून आणखी तीन गाड्या आल्या. एका गाडीतून ‘पुढे घ्या, पुढे घ्या’ असे ऐकू येत होते. आमच्या चालकाने आमच्याकडे वळून पाहिले. कुणीच काही बोलले नाही, तेव्हा त्याने इंजिन बंद केले. सारा प्रकार मिनिटभराचा. वाड्याच्या मित्राने या अवधीत अकरा चित्रे घेतली. नऊ हललेली, एकात फक्त बांबू.

उरलेले एक आम्ही छापून घेतले. ते घेऊन मित्र आजोळी गेला. वाड्यात आता एक वृद्ध मामी राहतात. त्यांनी चित्र हातात घेतले, खिडकीपाशी नेले, चष्मा वर केला आणि विचारले, “यात वाघ कुठं आहे रे?” त्याने बोटाने दाखवला. मामी म्हणाल्या, “अगंबाई, चाललीये की ती.” ओसरीवर ते लावायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही.